भिंतीवरचा सेफेरिनो

मी एक जुने भित्तिचित्र आहे. मित्रांनो, मेक्सिकोतल्या एका डोंगरी गावात, नगरपालिकेच्या ओसरीत, ओल्या चुन्यावर मी जन्मलो.

पहिला थर.

चित्रकार नासारियोने माझ्या मधोमध अनवाणी सेफेरिनो उभा केला. जमीनदाराकडून गावची जमीन परत घेताना तो गोळी लागून मेला होता. त्याचा एकही फोटो नव्हता. गावकरी आठवून सांगत होते, "नाक अजून फेंदारं काढ! भुवया जुळव!" शेवटी त्याची लहानगी लेक ओतिलिया वर बघून म्हणाली, "बाबा!" तेव्हा नासारियोने कुंचला खाली ठेवला.

दुसरा थर.

क्रांती आम्हीच केली, असे म्हणणारा पक्ष सत्तेवर आला आणि बसूनच राहिला. निवडणूक आली. नगराध्यक्षाने सेफेरिनोच्या धडावर स्वतःच्या वडिलांचा चेहरा रंगवून घेतला. ते वडील त्याच जमीनदाराचे मुकादम होते.

ओसरीत मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले विकणारी ओतिलिया मोठ्याने म्हणाली, "काय मुकादमसाहेब, बूट कुठे विसरलात?"

सगळा बाजार हसला. आठवड्याच्या आत मला बूट आले.

पण हसणारे म्हातारे झाले, गेले. शाळेची मुले दर क्रांतिदिनी मला सलाम करत मोठी झाली. त्यांना मुकादमच खरा वाटू लागला.

खरवडणी.

अखेर तो पक्ष हरला. नवे लोक रंग खरवडायची पाती घेऊन आले. बूट निघाले, मुकादम निघाला. खाली सेफेरिनो होता, गालाचा पोपडा गेलेला. म्हातारी ओतिलिया खुर्चीत बसून बघत होती.

"अगं बाई, माझ्यापेक्षा किती लहान आहेत बाबा!" ती हसली. मग तळहातानेच डोळे पुसत राहिली.

नव्या नगराध्यक्षा म्हणाल्या, "आजी, आता यांच्या हातात आमचा झेंडा काढतो. शोभेल."

"नको गं. त्यांनी तुमचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं."

"पण आम्ही त्यांचेच वारस ना!"

"वारस मी आहे. आणि मी कुणाकडे मतं मागत नाहीये."

तिने खुर्ची ओढली आणि सेफेरिनोच्या रिकाम्या हाताला पाठ टेकवून बसली.

झेंडा काढायला आलेला रंगारी अजून उभा आहे. त्याचा रंग कालवून झाला आहे. मित्रांनो, मेलेला माणूस हात मागे घेऊ शकत नाही. ओतिलिया थकली आहे. तिच्यानंतर त्या खुर्चीत कोणीतरी येऊन बसा.