सहाणेची उलटी बाजू

देवासला विनोदिनीला बोलायला कुणी नव्हतं. नवरा, नारायणराव, कुक्षीच्या तहसिलीत नोकरीला, कधी रजा मिळाली तर येणार. घरात सासूबाई आणि चार महिन्यांची सरला. इंदूरला बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ज्यांच्यासोबत खिदळली, त्या मैत्रिणींची पत्रंही आटली होती.

त्यात सरला फार झोपू लागली. सकाळी सासूबाई सहाणेवर वेखंड, हिरडा, मुरडशेंग उगाळून गुटी चाटवत, की पोर दुपारपर्यंत डोळा उघडत नसे. दूधही ओढत नसे.

"गुणाची आहे गो," सासूबाई म्हणत. "तुझा नवरा रडून आळी डोक्यावर घ्यायचा."

विनोदिनीच्या मनात एकच शब्द घोळत होता. अफू. माळव्यात ती कुणाच्याही फडताळात सापडे. पण सासूला विचारायचं कसं, की नातीला अफू घालता का?

दुकानातून तिने लोहाचं टिंक्चर आणलं. कंपाउंडर म्हणाला, "बेन, नली से पीजो, नहीं तो दाँत काले हो जाएँगे." तिला ते प्यायचं नव्हतंच. अफूत मिसळलं की हे टिंक्चर लाल रंग धरतं, एवढं तिला ठाऊक होतं.

उरल्या गुटीत थेंब टाकला, तर सगळं शाईसारखं काळं. हिरडा लोहाशी काळा पडतो; त्याने सगळंच झाकून टाकलं. मग तिला शेवटच्या वर्षी सरांनी दाखवलेली नवी रीत आठवली. टीपकागदाच्या पट्टीवर खाली गुटीचा ठिपका दिला आणि ठिपक्याखालची कड पाणी घातलेल्या स्पिरिटमध्ये बुडवली. ओल वर चढू लागली तसे गुटीतले जिन्नस आपापल्या चालीने वर निघाले, एकमेकांपासून सुटे झाले. पट्टी वाळवून तिने वर टिंक्चर फिरवलं. खाली काळा ओघळ. त्याच्या वर, एकटाच, लाल डाग.

"हे काय वाळत घातलंयस?" सासूबाई दारात होत्या.

"आई, गुटीत अफू आहे."

"माझ्या हातच्या? जीभ झडेल तुझी!"

पण त्यांची नजर सहाणेकडे गेली. त्यांनी ती हळूच उलटी केली. मागे तपकिरी डाग होता.

"अफू गुडघ्यांना लावते मी," त्या खाली बसत म्हणाल्या. "पहाटे या बाजूला उगाळते. पोरीची बाजू वेगळी ठेवली होती गो... पण पाण्याची वाटी एकच. बोटं त्यातच बुडवते."

त्या दिवसापासून त्यांनी गुडघ्यांना लेप लावला नाही. गुटी उगाळली नाही, नातीलाही उचललं नाही. दोघी एका स्वैपाकघरात पाठमोऱ्या वावरत. सरला मात्र जागी राहू लागली, दूध ओढू लागली, आणि पोट दुखलं की टाहो फोडू लागली.

विनोदिनीने बाजारातून नवी सहाण आणली, नवी वाटी आणली, आणि सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी वेखंड हातात घेतलं, उगाळलं. बोट मात्र पोरीच्या तोंडाशी नेईनात.

"आधी तुझा कागद लाव," त्या म्हणाल्या.

"आई, आता नको."

"लाव म्हणते ना."

विनोदिनीने नव्या गुटीचा ठिपका देऊन पट्टी स्पिरिटात टांगली. सरला मांडीवर रडत होती, आणि दोघी, मधे हातभर जागा सोडून, कागदावर ओल चढताना बघत बसल्या.