कादंबरीची समाप्ती

मी कुठलंही पुस्तक एकदाच वाचतो. मनात, एकट्याने, दार लोटून. वाचलेलं पुन्हा वाचणारी माणसं मला उष्टं खाणारी वाटतात, आणि हे मी परतुरात पुष्कळांना तोंडावर सांगितलेलं आहे. कोर्टात नोकरीला असताना घेतलेली आणि वाचायची राहिलेली पुस्तकं मी एका कपाटात लावून ठेवली होती. निवृत्त झालो, कपाट उघडलं, जाडजूड कादंबरी काढली, निम्मी वाचली आणि डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. उजवा डोळा लहानपणापासून नावालाच आहे. जन्मभर जे वाचलं ते डाव्याच्या जिवावर.

जालन्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस तोंड खाली करून पडायचं. वाचता येईल की नाही ते महिन्यानं कळेल. मी घाबरलो. बायकोला म्हणालो, उशी फार कडक आहे.

कादंबरी दोन भावांची होती. धाकट्याने थोरल्याच्या ताकात काहीतरी कालवलं होतं, थोरला पेला उचलणार होता आणि तिथेच माझा डोळा गेला. पुढचं कुणीतरी वाचून दाखवणं भाग होतं. आधी तारा बसली, म्हणजे माझी बायको. तिची पद्धत अशी की ती शेवटचं पान आधी वाचते. कोण जगणार ते कळल्याशिवाय तिला घास उतरत नाही. थोरल्याचं नाव आलं की तिचा आवाज इतका मऊ व्हायचा की दोन पानांत मला सगळं कळून चुकलं. मी तिला थांबवलं. मुलगा पार्थ पुण्याहून म्हणाला, बाबा, मोबाइलवर ऐका. ती कादंबरी तिथे नव्हती, म्हणून दुसरीच एक ऐकून पाहिली. वाचणारा माणूस दर वाक्याला साबण विकत होता.

मग आष्टीहून त्रिंबक आला. शाळेपासूनचा मित्र. त्याचे वाडवडील मेंढ्यांमागे फिरले, हा कापूस करतो. तोही वाचणारा, पण एकाच पुस्तकाचा. मिसरूड फुटल्यापासून दर श्रावणात गावच्या देवळात तीच पोथी वाचतो. पुढे काय होणार ते पाठ असताना माणूस पुन्हा पुन्हा काय वाचतो, यावर आमची कडाक्याची भांडणं झालेली आहेत.

"मी वाचतो की," तो म्हणाला. "कापूस वेचून झाला. रिकामाच बसून राह्यलो."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी पालथा होतो, त्यामुळे पायही धरता येईनात.

त्याने हातपाय धुतले. टोपी नीट केली. ताराकडून चौरंग मागवला, त्यावर धुतलेलं वस्त्र अंथरलं आणि त्यावर कादंबरी ठेवली. मग सुरू केलं ते थेट पोथीच्या चालीत. थोरल्याने पेला उचललाऽऽ, ओठी लाविलाऽऽ. शेजारची गिरिजाबाई दारावरून चालली होती. तिने चपला काढल्या, हात जोडले आणि मग पुढे गेली.

"त्रिंबक, सरळ वाच."

"सरळच वाचून राह्यलो. आता अर्थ ऐक."

"अर्थ मला कळतो."

"बिलकुल न्हाई कळत. थोरल्यानं पेला उचलला, म्हंजी काय? तर भावाच्या घरी बी माणसानं ताक बघून प्यावं."

मी उशीत तोंड खुपसून ओरडलो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी घड्याच्या बाजूने कळलं.

त्याचे नियम होते. प्रकरण अर्धवट सोडून उठायचं नाही. ऐकणाऱ्याने डुलक्या काढायच्या नाहीत. मध्येच थांबून तो विचारायचा, "कुठं आल्तो आपण?" मी बरोबर सांगितलं तरच पुढे. कोर्टात साक्षीदाराला इतकं छळलेलं मी पाहिलं नाही. चार-सहा दिवसांनी गिरिजाबाई उंबऱ्यातच ठाण मांडून धाकट्याला शिव्या देऊ लागली. आणि मी सकाळपासून आष्टीच्या एस.टी.ची वाट बघू लागलो. हे मी त्रिंबकला सांगितलं नाही.

शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा त्याने पुस्तक मिटलं.

"समाप्ती अशीच करता येत न्हाई. माणसं जेवली पाहिजेत."

"अरे, ही खुनाची कादंबरी आहे."

"मंग तर पाहिजेतच. वहिनी, पुरण घाला."

तारा तर वाटच बघत होती. शुक्रवार ठरला. गुरुवारी तारा आणि मी जालन्याला तपासणीला गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात उजेड मारला. म्हणाले, चालता-फिरता येईल, माणसं ओळखू येतील. पुस्तकाचं अक्षर मात्र आता नाही. मी चष्म्याचं विचारलं. भिंगाचं विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली.

घरी येऊन मी कपाट उघडलं. पुस्तकांचे रंग दिसत होते, नावं दिसत नव्हती. मला रडू आलं आणि मी रडलो. तारा मागे येऊन उभी राहिली. "उद्याचं पुढं ढकलू का?" तिने विचारलं.

"डाळ भिजत घातली आहेस ना?" मी म्हणालो. "मग राहू दे."

शुक्रवारी गल्ली लोटली. त्रिंबकने कादंबरीला हार घातला, मुखपृष्ठावर हळदकुंकू वाहिलं. शेवटचं प्रकरण वाचलं. धाकट्याला जन्मठेप झाली. गिरिजाबाईने "बरं झालं" म्हणून डोळे पुसले. आरती झाली. ज्यांनी एक ओळ ऐकली नव्हती त्यांनीही भावाला विष घालणाऱ्या गोष्टीसमोर डोकं टेकवलं आणि मंडळी पंगतीला बसली.

त्रिंबक उठला नाही. त्याने पानं उलटी चाळली आणि पहिलं पान काढलं.

"आता काय?" मी विचारलं.

"समाप्ती झाली तरी पोथी तशीच मिटत न्हाईत. पहिल्या अध्यायातल्या पाच ओव्या पुन्हा वाचायच्या. असंच असतंय."

त्याने पाच वाक्यं वाचली. दोघं भाऊ लहान आहेत. थोरला विहिरीत उतरतो, धाकटा त्याच्या गळ्याला मिठी मारून पाठीवर बसतो आणि म्हणतो, दादा, सोडू नको. हे मी वाचलं होतं. पुढे काय होतं याच्या घाईत वाचलं होतं. आता अंगावर काटा आला.

त्रिंबक पुस्तक मिटू लागला. मी त्याचा हात धरला.

"पुढे वाच."

"पाचच असत्यात, मुकुंदा. लोक ताटावर बसून राह्यले."

"थोरला पेला उचलतो तिथपर्यंत वाच. तेवढं मी माझ्या डोळ्यानं वाचलंय."

जालन्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढून तिनेच डोळे पुसले, ती पुन्हा घातली आणि पुस्तक उघडलं. बाहेर पंगतीत कुजबुज सुरू झाली.

तारा पोळ्यांचं ताट घेऊन दारात उभी होती.

"वाचा भाऊजी," ती म्हणाली. "पोळ्या काय, पुन्हा गरम करता येतात."