पुढे लावलेला पाव तास

मित्रांनो, आज मी अचूक चालतो. पण एके काळी मी साफ खोटं बोलत होतो, हे आधीच सांगितलेलं बरं.

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर बोटी बांधायच्या एका शेडमध्ये मी भिंतीवरचं जुनं घड्याळ आहे. यंत्राच्या करवतीत हात अडकू नये म्हणून तिथे मनगटी घड्याळाला बंदी, त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडेच वळायच्या. काय तोरा होता माझा!

कामावर उशिरा येईल त्यानं शुक्रवारी सगळ्यांना केक आणायचा, अशी तिथली रीत. पण केक खायला मजा येई आणि उशीर काही थांबेना. शेवटी मुकादम थोरकिलने मला पाव तास पुढे लावून ठेवलं. आठवडाभर सगळे धावत आले. मग त्यांनी ओळखलं, आणि माझ्यातून पाव तास वजा करायला शिकले. मी आठ दाखवले की म्हणायचे, "पावणेआठच झालेत, अजून एक कप कॉफी होईल." ते हसायचे आणि मीही मुकाट्याने टिकटिक करत राहायचो. आता त्याची लाज वाटते.

आयनर हा तिथला सर्वांत म्हातारा सुतार. त्याची शेवटची बोट तयार झाली होती. सोमवारी उधाणाची भरती होती. आठला, बोट अडवून धरणाऱ्या रहाटाचा दोर सोडून ती उतारावरून पाण्यात सोडायची ठरली. शुक्रवारी आयनरच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, आणि तिथून तो कामाला कायमचा रामराम करणार होता. आपली बोट तरंगताना एकदा बघायची, एवढंच त्याचं मागणं होतं.

आदल्या रविवारी, तिकडे दर उन्हाळ्याआधी करतात तशी, देशभर घड्याळं तासभर पुढे झाली होती. सोमवारी सर्वांत आधी आली ती बोडिल, नवी रंगारीण. तिने रेडिओ ऐकून मला अगदी बरोबर लावलं आणि ब्रश घेऊन बोटीवर चढली. माझा पाव तास तिला कुणी सांगितलाच नव्हता.

मी आठ दाखवले. आत सगळ्यांनी सवयीने पाव तास वजा केला आणि पुन्हा कप भरले. बाहेर आयनर खांबावरची पाण्याची खूण बघून केव्हाच कमरेइतक्या गार पाण्यात, बोट ओढून घ्यायचा दोर धरून उभा होता. त्याच्या हाका वाऱ्यात विरल्या. मला मात्र तो खिडकीतून दिसत होता.

सव्वाआठला रहाटाचा दोर सुटला तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. बोट तरंगायला वीतभर पाणी कमी पडलं. पुढचं उधाण पंधरा दिवसांनी.

बोडिल रडायला लागली. आयनरचे ओठ निळे पडले होते. तो म्हणाला, "तुझं काही चुकलं नाही, पोरी. तू खरं लावलंस. सवय आम्हाला खोट्याची." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "या शुक्रवारचा केक घड्याळाकडून." कुणीच हसलं नाही. मला तर काटे तोंडावर ओढून घ्यावेसे वाटले.

पंधरा दिवसांनी बोट तरंगली. आयनर इस्पितळात होता. थोरकिलने शेडमधून फोन लावला. आयनरने एवढंच विचारलं, "किती वाजता सोडली?"

थोरकिलने माझ्याकडे पाहिलं. "आठ," तो म्हणाला. "सगळे हजर होते."



मित्रांनो, मला पुढे लावू नका आणि माझ्यातून वजाही करू नका. आणखी एक कप भरण्याआधी खिडकीबाहेर बघा, तुमच्यासाठी कुणी पाण्यात उभं आहे का.