पातळ थेंबाची साक्ष

मित्रांनो, मी रंगाच्या कारखान्यातली एक जुनी काचेची नळी आहे. माझ्या दोन्ही टोकांना प्लॅटिनमच्या पट्ट्या आहेत आणि वर सूक्ष्मदर्शक आहे. खरं सांगते, मला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही.

पांढऱ्या रंगात भुकटीचे अतिसूक्ष्म कण असतात. सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि रंगाच्या गुठळ्या होत नाहीत. हा भार पुरेसा आहे की नाही, ते सांगणं माझं काम. प्रयोगशाळेच्या ताई पेलाभर शुद्ध पाण्यात रंगाचा एक थेंब टाकायच्या, ते पाणी माझ्यात भरायच्या आणि वीज सोडायच्या. कण एका पट्टीकडे धावू लागायचे; भार जितका जास्त, तितके जोरात. ताई घड्याळ लावून त्यांचा वेग मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, 'पास'. तेवीस वर्षं माझ्या शब्दावर डबे भरले गेले.

मग तो पोलादी दांडा आला. त्याला रंगात पाणी मिसळावं लागतच नसे. थेट दाट रंगात बुडवला की तो विजेचे हेलकावे देई, कण थरथरत, आणि त्यातून उठणारा बारीक आवाज ऐकून तो भाराचा आकडा सांगे. ताई त्याला मऊ कापडाने पुसत. मला मात्र नळाखाली धरलं की झालं. टाकीवरचे मामा तर त्याला 'जावईबापू' म्हणत. माझा नुसता जळफळाट होई.

एकदा दाट रंगाची नवी टाकी तयार झाली. दांड्याने भार कमी दाखवला, मी भरपूर दाखवला.

"मामा, नळीचंच ऐकू या," ताई म्हणाल्या. "हिने मला कधी फसवलं नाही."

"बघा बुवा. पण तो टाकीत उतरून बघतो, ही पेल्यात बघते."

मामांचं बरोबर होतं. त्या रंगात क्षार जास्त होते. दाटीत ते कणांना वेढून त्यांचा भार झाकत होते. पेल्यातल्या शुद्ध पाण्यात क्षार विरळ झाले आणि माझ्यापुढे कण मोकळे धावले. मला हे कळत होतं. पण बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते. ताईंनी त्याला सोडून मला निवडलं होतं.

दोन दिवसांत टाकीभर रंग दह्यासारखा आळला. मामांनी आत उतरून तो फावड्याने खरवडला. त्यांचा खांदा भरून आला. "चूक माझी आहे," ताई मालकांना म्हणाल्या. मालकांनी 'पास' लिहायचा अधिकार त्यांच्याकडून काढून घेतला.

ताईंनी मला खोक्यात घातलं, तेव्हा मामाच म्हणाले, "तिला कशाला शिक्षा? साधं पाणी देण्यापेक्षा त्या रंगातलंच पाणी द्या की तिला."

ताईंनी थोडा रंग यंत्रात गरगर फिरवला, वर आलेलं नितळ, पण तेवढ्याच क्षारांचं पाणी काढलं आणि त्यातच थेंब टाकला. माझा आकडा दांड्याच्या आकड्याजवळ आला. ताईंचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं, पण ते यश माझं एकटीचं नव्हतं, ही बोच काही गेली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. ओरखडा पडू देऊ नका, धुऊन पालथ्या ठेवा. फक्त त्यांची साक्ष काढण्याआधी एवढं बघा, की आपण त्यांना काय पाजलंय.