तेलाच्या डबीतलं भूत

मुलांनो, डोळे मिटा असं सांगितलं असतं, पण मग वाचणार कोण? तेव्हा डोळे उघडे ठेवूनच कल्पना करा. सुताराचा कारखाना आहे. मधोमध लोखंडी टेबल. टेबलाच्या फटीतून गोल करवतीचं दातेरी पातं वर आलंय. भोवती अख्खी गल्ली जमलीय आणि कफनीतला एक बाबा टेबलाच्या पुढच्या चाकावर मंतरलेली राख फुंकतोय.

"कंपन! सूक्ष्म कंपन!" बाबा गरजला. "कापलेल्या झाडांचा तळतळाट या यंत्रात शिरलाय. तोच पातं पाताळात ओढतोय!"

तेवढ्यात वाऱ्यानं दार करकरलं.

"ऐका! रडतायत झाडं!"

गल्लीनं हात जोडले. सगळ्यांत घट्ट जोडले होते ते कारखान्याच्या मालकांनी, म्हणजे मिस्त्रींनी. हेच मिस्त्री चाळीस वर्षं जगाला शिकवत आले होते, "भूतबित सगळं झूट. लाकूड फुगतं, खिळा गंजतो, माणूस चुकतो." त्यातलं तिसरं मात्र ते स्वतःला लावून घेत नसत.

झालं होतं असं. शाळेच्या कपाटांसाठी फळ्यांना खाचा पाडायच्या होत्या. चाक फिरवून पातं हवं तेवढं वर घ्यायचं, चाकाच्या मधली मूठ आवळायची, की उंची पक्की. पण महिनाभर पातं त्या उंचीवर टिकेना. पहिल्या फळीची खाच पेराएवढी, तर दहावीची नखाएवढी. मिस्त्रींनी पातं बदललं, लाकूडवाल्याशी भांडण उकरून काढलं, मूठ आवळून आवळून मनगट सुजवून घेतलं. शेवटी शेजारच्या रंगाऱ्यानं बाबा आणला. आणि काय नवल! बाबानं राख फुंकून मूठ आवळली, की दिवसभर पातं जागचं हलत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा घसरण. असं तीनदा झालं होतं. आज चौथी खेप.

"तळतळाट हट्टी आहे," बाबानं निकाल दिला. "उद्या सकाळी माझा टेंपो येईल. यंत्र माझ्या मठात जाईल. नाहीतर तुझी बोटं जातील!"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. याच यंत्रावर त्यांनी दोन पोरं शिकवली होती. पण बोटं तर दहाच होती. त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी आवराआवर करताना दहा वर्षांच्या नातीनं विचारलं, "आजोबा, राखेचा गुण एकच दिवस का टिकतो?"

"शक्ती उतरते, बाळा."

"कधी?"

"कारखाना बंद झाल्यावर."

"तेव्हा इथे कोण असतं?"

"कोण असणार? मी. रोज जाताना यंत्राची सेवा करतो, बस." असं म्हणत मिस्त्रींनी लांब चोचीची तेलाची डबी उचलली. महिन्यापूर्वीच हौसेनं आणली होती, कुठल्याही सांदीत पोचायची. मुठीच्या मागे त्यांनी दोन थेंब सोडले.

"इथे तेल कशाला?"

"लोखंडाला तेल लागतंच."

"पण ही मूठ घट्ट धरून ठेवण्यासाठी आहे ना? तेलकट हातानं बरणीचं झाकण तरी फिरतं का?"

मिस्त्रींचा हात हवेतच राहिला.

"आजोबा, आधी वायर काढा," म्हणत नातीनं दप्तरातून खडू काढला. मिस्त्रींनी मूठ सैल करून मागचं तेल पुसलं. नातीनं खडूचा चुरा लावला आणि मूठ आवळल्यावर मूठ व चाक जोडणारी पेन्सिलीची रेघ ओढली. मग ती दाराशी जाऊन उभी राहिली. मिस्त्रींनी वायर लावून दहा फळ्या कापल्या. रेघ अखंड! दहावी खाच पहिलीएवढीच खोल. पुन्हा तेल घातलं, तर तिसऱ्याच फळीला रेघ तुटली.

"तू मंत्र कुठला म्हटलास गं?" मिस्त्री पुटपुटले.

"सातचा पाढा. तोही चुकला."

पात्याचं आणि मोटरचं ओझं त्या चाकावर. यंत्र थरथरलं, की चाक उलटं फिरू बघायचं. त्याला धरणारी एकटी मूठ, आणि तिलाच मिस्त्री महिनाभर तेलानं न्हाऊ घालत होते!

सकाळी टेंपो आला, मागोमाग गल्लीही आली. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर दहा फळ्या कापून दाखवल्या, चाकावर राख न फुंकता.

"अश्रद्ध माणसा! ते कंपन..." बाबा ओरडला.

"कंपन आहेच की, बाबा. मोटर आहे ती."

नातीनं बोट दाखवलं. "बाबा, तुमच्या कफनीचं टोक एवढं तेलकट कसं? राख फुंकण्याआधी तुम्ही मुठीमागचं तेल पुसून घेता ना?"

बाबानं टोक पाठीमागे लपवलं. गल्ली त्याच्याकडे बघून हसायला लागली, तसे मिस्त्री पुढे आले.

"त्यांना काय हसता? भूत मीच होतो. रोज संध्याकाळी डबी घेऊन यायचो!"

टेंपो रिकामा गेला.

मुलांनो, एखादी गोष्ट कळली नाही, तर सरळ "कळली नाही" म्हणा. त्यात लाज कसली? मंत्र वगळला तरी तेच घडतं का, ते करून बघा. आणि चूक कुणाची हे शोधताना यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहा. मिस्त्रींचा महिना वाचला असता.

गर्दी पांगली. वारा आला आणि दार पुन्हा करकरलं. मिस्त्रींचे हात सवयीनं जुळायला निघाले. नातीनं ती तेलाची डबी घेतली, स्टूल ओढलं, वर चढली आणि दाराच्या बिजागरीत दोन थेंब सोडले.

झाडं रडायची थांबली.