जबड्याची चावी

माझ्या गळ्याला भोक आहे, भोकात नळी. हाडांचा दुर्मीळ आजार. खालचा जबडा वाढलाच नाही. जीभ मागे पडते आणि घसा बंद करते, म्हणून लहानपणापासून मी गळ्यातून श्वास घेते. बोलायचं तर नळीवर बोट दाबायचं. बोट नसलं की लोक मला मुकी आणि बहिरीही समजतात. तोंडावर म्हणतात, "हिला कोण करून घेणार?"

गेल्या महिन्यात डॉक्टर शेषगिरींनी जबडा दोन्ही बाजूंनी कापला आणि गालांतून बाहेर येणारे स्क्रू बसवले. सकाळ-संध्याकाळ चावीनं एकेक फेरा द्यायचा. कापलेलं हाड तीळतीळ सरकतं, फटीत नवं हाड भरतं. जबडा पुढे आला की नळी निघणार. मला तेवढंच हवंय.

चावी अण्णांकडे, माझ्या वडिलांकडे. चामराजपेटेत उभा जन्म कपडे शिवलेत, हात स्थिर. माझं डोकं मांडीवर घ्यायचे. "स्वल्प सोस गं, भार्गवी."

आज एक्सरे बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कृष्णाजी, फट एवढीशीच? फेरा पूर्ण देता ना?"

अण्णा चपलांकडे बघत म्हणाले, "अर्धाच देतो, सर. एकदम ताणलं की शिवण उसवते. आणि पोर रडते हो."

"अहो, हे कापड नाही! रेंगाळलात तर हाड मधेच जुळतं. मग परत कापायचं. अजून पुरतं जुळलेलं नाही. आजपासून पूर्ण फेरे."

रिक्षात मी धुमसत होते. माया म्हणे! मायेच्या नावाखाली आपली माणसं आपल्याला कोंडतात, वर आपणच त्यांचे डोळे पुसायचे.

घरी अण्णांनी चावी काढली, स्क्रूला लावली. हात हलेना.

"उद्यापासून करू या? आज दमलीस."

मी उठून बसले. नळीवर बोट दाबलं. "दमले मी तुमच्या दयेनं. चावी द्या."

"स्वतःच्या हातानं? वेडी का काय!"

"द्या म्हणते ना!"

आरशासमोर उभी राहिले. एक हात चावीवर, दुसरा गालावर, म्हणजे बोलायला बोट उरलंच नाही. फेरा अर्ध्यावर आला तशी कळ कानापर्यंत गेली. डोळ्यांतून पाणी. नेहमी इथंच थांबायचे ते.

अण्णा मागून म्हणाले, "पुरे गं, पुरे."

मी चावी पुढे रेटली.