बिनतारखेचे राजीनामे

अण्णासाहेबांनी कपाटाची किल्ली टेबलावरून सरकवली आणि कौसल्याबाईंचा कागद काढायला सांगितलं. हेडक्लार्क भुजंगरावांनी किल्ली लगेच उचलली नाही.

तीर्थपुरीच्या त्या शाळेत रुजू होतानाच प्रत्येकाकडून राजीनामा लिहून घेत. सही त्याची, तारीख कोरी. आधीचे अध्यक्ष बद्रीनाथजी ते कागद कपाटात टाकायचे आणि विसरून जायचे. अठरा वर्षांत त्यांनी एकालाही हात लावला नाही. फार संतापले तर माणसाला घरी बोलवायचे, शिव्या घालायचे आणि जेवू घालून पाठवायचे. ते गेले आणि ब्याण्णव साली अण्णासाहेब अध्यक्ष झाले. खुर्ची तीच, शिक्का तोच, अधिकारही तेवढेच; पण बसणारा बदलला की सगळंच बदलतं बाबा! पहिल्याच आठवड्यात कपाट उघडलं. वर्षभरात तिघे घरी बसले. तारखा भुजंगरावांनीच घातल्या, कारण कुणाचंही अक्षर त्यांना हुबेहूब काढता येई.

आणि कौसल्याबाईंचा गुन्हा काय? अध्यक्ष वर्गात आले तेव्हा बाई फळ्यावर गणित सोडवत होत्या. त्यांनी ते पुरं केलं आणि मग वळून नमस्कार केला. बस्स, एवढंच. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी. आणि या नोकरीला त्यांना लावलं होतं खुद्द भुजंगरावांनी.

जीव मुठीत धरून ते म्हणाले, "साहेब, बाईची बिलकुल चूक न्हाई."

अण्णासाहेब रागावले नाहीत. हसले.

"बराबर हाय. मंग तुमचा काढा. कुणाचा तरी पाहिजेच की."

भुजंगरावांच्या पेन्शनीला आठ महिने उरले होते. त्यांनी बाईंचाच कागद काढला आणि बाईंच्या वळणाने तारीख घातली. कालची घाला, अध्यक्ष म्हणाले, आजचा दिवस तरी कशाला द्यायचा? शिवाय राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र भुजंगरावांनीच वर्गावर नेऊन द्यायचं होतं.

बाईंनी वर्गाच्या दारातच पत्र वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. भुजंगरावांनी पोचेची वही पुढे केली. लाज वाटत होती, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण वही धरलेला हात काही मागे आला नाही.

"भाऊ," बाईंनी हळूच विचारलं, "तुमचा तर न्हाई ना काढला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"बरं झालं. तुमचं आता थोडंच राह्यलंय," बाई म्हणाल्या. खडूची बोटं त्यांनी पदराला पुसली आणि वहीत सही केली.